वाळवंटात जमीन घेऊन बाग, जनावरं आणि कुटुंब असं शेतघर चालवता येईल का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "राजस्थानात जमीन स्वस्त आहे, पाच एकर घेऊन घरापुरती भाजी, दोन गायी आणि एक चांगली मुऱ्हा म्हैस ठेवायचा विचार आहे. फक्त बागेला पाणी फार लागेल असं सगळे म्हणतात. वर्षाला खर्च किती येईल?"

बागेला पाणी फार लागतं हे वाक्य मी दहा वर्षं होत आली, ऐकतेय. तेही अशा माणसाच्या तोंडून, ज्यांना मी उत्तर देऊ शकत नाही. म्हणून इथे देते.

माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीजवळ. सासर राजस्थानात, फलोदीपासून तीसेक किलोमीटरवर एका ढाणीत. ढाणी म्हणजे आपल्याकडची मळ्यातली वस्ती. गावापासून लांब, ज्याच्या त्याच्या शेतात घर. नवरा राहुरीला कृषी पदवीला माझ्याच वर्गात होता. लग्न ठरलं तेव्हा आमचे दादा म्हणाले होते, "माणदेशातनं पोरगी सुटंल असं वाटलं होतं, तर ही निघाली थारला." तर दुष्काळ मला कुणी शिकवायची गरज नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

थोडक्यात उत्तर: चालवता येतं. पण तुमच्या डोक्यात बाग पहिली आणि जनावरं नंतर आहेत, इथे ते उलटं आहे. पाऊस वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही जुलै ते सप्टेंबरमध्ये, कधी तीन दिवसांत सगळा. बाजरी आली तर आली. नाही आली तरी तिची वैरण होते आणि ती खाऊन शेळी दूध देते. घर शेळीवर आणि गायीवर तगतं. बाग ही हौस आहे. मीही करते ती हौस, पण तिला हौसच म्हणते.

दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. उन्हाळ्यात चारला उठायचं, कारण नऊनंतर बाहेर कामच होत नाही. धारा, ताक घुसळणं, शेण, मग शेळ्या सोडायच्या. आमच्या शेळ्या मारवाडी, काळ्याकुट्ट, लांब केसांच्या. त्यांना विकतचं काही लागत नाही. खेजडीचा पाला वाळवून ठेवलेला असतो, त्याला इथे लूंग म्हणतात. खेजडी म्हणजे आपली शमी, सौंदड. आपण दसऱ्याला तिची पूजा करतो, इथे ती रोज शेळीच्या पोटात जाते. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. त्या उकडून, वाळवून वर्षभर भाजीला पुरतात. झाडाखाली बाजरी उलट जास्त चांगली येते, त्यामुळे शेताच्या मधोमध उभी असली तरी कुणी तोडत नाही. १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीला याच झाडांसाठी ३६३ माणसांनी जीव दिला, ते इथे शाळेत शिकवावं लागत नाही. अलीकडे भडल्याच्या बाजूला सौर पॅनेलसाठी जमिनी गेल्या, त्यात किती खेजड्या गेल्या यावरून आमच्या चौकात रोज भांडणं होतात. तो वेगळा विषय.

दुपारी अकरा ते पाच पडवीत. वारा सुटला की जेवणात, अंथरुणात, मुलांच्या कानात वाळू. भांडी राखेनं आणि वाळूनं घासायची, शेवटी ओंजळभर पाण्यानं विसळायची. अंघोळीचं पाणी भोकराच्या झाडाला. हो, भोकर. इथे त्याला गूंदा म्हणतात आणि लोणचं आपल्यासारखंच घालतात. पहिल्या वर्षी घराच्या आठवणीनं रडायला यायचं तेव्हा मी असं एकेक ओळखीचं शोधत बसायची. मोठ म्हणजे मटकी निघाली. कडब म्हणजे कडबा. बोरटीच्या वाळल्या पानांना तर इथे थेट 'पाला'च म्हणतात. सोगरा म्हणजे जाड भाकरी, आणि बाजरीची राब ताकात शिजवलेली, म्हणजे आमची आंबीलच. मिसळ काही निघाली नाही.

आता पाण्याकडे येते. तुमचा प्रश्न तिथेच आहे आणि माझाही.

आमच्याकडे दोन पाणी आहेत. एक खारं, विहिरीचं. ते उपसून खेळीत, म्हणजे जनावरांच्या हौदात पडतं. शेळ्या-मेंढ्या पितात, थारपारकर गाय कुरकुर न करता पिते. माणसाला ते घशाखाली जात नाही. दुसरं गोडं, टांक्याचं. टांका म्हणजे जमिनीखाली बांधलेला गोल हौद. भोवतीची जमीन चोपून उताराची केलेली असते, तिला आगोर म्हणतात, त्यावरचा पाऊस आत उतरतो. आगोरात चप्पल घालून कुणी जात नाही, शेळी शिरली तर घरातला सगळ्यात लहान पोरगा ओरडत पळतो. आमचा टांका ३ मीटर व्यासाचा, ३ मीटर खोल, म्हणजे २१ हजार लिटर. वरून पक्कं झाकण, त्यामुळे बाष्पीभवन नाही म्हटलं तरी चालेल. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या टांक्याचा हिशोब सासूबाईंकडे. त्यांना सही करता येत नाही, पण त्यांच्याकडे एक सुताची दोरी आहे, खाली दगड बांधलेली, एकेक हातावर गाठ. दर एकादशीला दोरी आत सोडायची, ओल किती गाठींपर्यंत आली ते बघायचं. मी कृषी पदवीधर, मी मापून बघितलं. त्यांचा हात ४५ सेंटिमीटर. म्हणजे एक गाठ पाणी सुमारे ३,२०० लिटर. आम्ही घरात आठ माणसं, पिणं-स्वयंपाक धरून माणशी १० लिटर, दिवसाला ८०. एक गाठ चाळीस दिवस. मी हे वहीत मांडून त्यांना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "एका गाठीत सव्वा महिना जातो, ते मला ठाऊक आहे."

२०१६ सालची गोष्ट. आदल्या नोव्हेंबरात मी चौदा टोमॅटो लावले होते, दादांनी माहेराहून पाठवलेल्या बियांचे. सासूबाईंना ते पटलं नव्हतं, कारण इथे भाजी म्हणजे पावसावर आपोआप येणारी काचरं, म्हणजे लहान रानकाकड्या, आणि कलिंगडं, आणि बाकी वर्षभर वाळवलेलं. पण माझी पहिलटकरणीची तोंडाची चव गेलेली, त्यांनी होकार दिला. जुन्या ओढण्यांची सावली केली, बुंध्याशी बाजरीचं भूस पसरलं, रोज संध्याकाळी झाडाला दोन तांबे, म्हणजे दीड लिटर. टांक्यातलं, हो. खाऱ्या पाण्यावर माझी आधीची दोन रोपं जळाली होती.

त्याच फाल्गुनात माझ्या मोठ्या दिरांनी म्हैस आणली. मुऱ्हा. शिंगं जिलबीसारखी, कातडं चकचकीत, अख्खी ढाणी बघायला आली. नाव ठेवलं भूरी. दिरांचं म्हणणं, गायीच्या दुधाला फलोदीत भाव नाही, म्हशीचं फॅट बघूनच डेअरीवाला पैसे देतो. ते खरंही होतं.

होळीला, २३ मार्चला, दोरी टाकली. पावसाचं उरलेलं आणि एक विकतचा टँकर मिळून चार गाठी पाणी. अखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला, ९ मे रोजी पुन्हा टाकली. एक गाठ.

सासूबाईंनी दोरी दोनदा टाकली. मग तशीच ओली गुंडाळून ओसरीवर ठेवली आणि आत गेल्या. पाऊस इथे जुलैशिवाय नाही. एका गाठीत चाळीस दिवस, म्हणजे जूनच्या मध्यावर टांका कोरडा. टँकर त्या दिवसांत मागून मिळत नाही, मिळाला तर भाव त्याचा. आणि मला सातवा महिना.

रात्री जेवताना मोठे दीर म्हणाले, "मरेठी बींदणी टांको पीगी." मराठी सून टांका पिऊन गेली. सगळे हसले, माझा नवराही हसला. त्याचा हिशोब मी वेगळा चुकता केलाय.

आता अडचण अशी की मोठ्या दिरांसमोर मी पदर ओढून असते आणि त्यांच्याशी बोलत नाही. इथली रीत आहे. काही सांगायचं तर मुलांमार्फत, "जा, बाबांना सांग चहा झाला." टांका कुणी प्यायला हे मुलांमार्फत कसं सांगणार? मी गप्प बसले. दहा दिवसांनी, १९ मेला, फलोदीत ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. देशातलं तोपर्यंतचं सगळ्यात जास्त. टीव्हीवाले वाळूत पापड भाजून दाखवत होते. मी माझे टोमॅटो त्याच्या आधीच उपटून शेळ्यांना टाकले होते. कुणी सांगितलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी तांब्या घेऊन निघाले की सगळ्यांच्या नजरा पाठीवर यायच्या.

तर वही काढा. होळी ते अखातीज, ४७ दिवस. घर, रोज ८० लिटर, ३,७६०. टोमॅटो, चौदा झाडं, दीड लिटर, ९८७. बेरीज ४,७४७. म्हणजे जेमतेम दीड गाठ. कमी झाल्या तीन गाठी, ९,६०० लिटर. मधले ४,८५३ लिटर गेले कुठे? ४७ दिवसांनी भागा. रोज १०३ लिटर.

उन्हाळ्यात दुभती म्हैस रोज किती पाणी पिते हे कुठल्याही गवळ्याला विचारा. सत्तर लिटर पिते, आणि काळं कातडं, घाम कमी, म्हणून अंगावर दोन बादल्या ओतल्याशिवाय ती उभी राहत नाही. हरियाणातली म्हैस, तिला खारं पाणी तोंडाला लागलं नाही. सगळ्यांना सांगितलं होतं की भूरी खेळीवरच पिते. पहाटे मी उठायच्या आधी दीर उठायचे, हेही सगळ्यांना कौतुकाचं वाटायचं. एक दिवस त्यांची धाकटी, तेव्हा आठ वर्षांची, माझ्याजवळ सांगरी निवडत बसली होती. म्हणाली, "पापा भूरी नै मीठो पाणी पावै है." पप्पा भूरीला गोडं पाणी पाजतात. मी तिला गुळाचा खडा दिला आणि कुणाला सांगू नको म्हणाले. का म्हणाले ते आजही कळत नाही. बहुतेक सातव्या महिन्यात भांडण नको होतं.

टांक्याला चीर गेली असेल, असंही दिरांनी नंतर काढलं. जूनमध्ये टांका रिकामा झाल्यावर नवऱ्यानं आत उतरून बघितलं. चीर नव्हती. दिवाळीच्या आधी भूरी विकली, दूध निम्म्यावर आलं होतं म्हणून. पुढच्या वर्षी मी परत चौदा टोमॅटो लावले. मुद्दाम चौदाच. होळी ते अखातीज, दोरी दीड गाठ उतरली. सासूबाईंनी दोरी वर काढली, माझ्याकडे बघितलं, आणि टांक्याच्या झाकणाला नवं कुलूप आणायला सांगितलं. किल्ली तेव्हापासून माझ्याकडे आहे. त्या काही बोलल्या नाहीत, आणि दीर पाहुण्यांना अजून "मरेठी बींदणी टांको पीगी" सांगतात. लग्नात, बारशात, माझ्या आईवडिलांसमोर. गोष्ट रंगवून सांगतात, त्यामुळे लोकांना तीच आवडते.

म्हणून तुम्हाला सांगते, म्हैस घेऊ नका. बाग करा, खुशाल करा. बागेला पाणी कमी करायचे शंभर मार्ग आहेत. मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून झाकण ठेवा, चार बाजूंनी चार वेल लावा, आठवड्यातून दोनदा भरलं तरी चालतं. कलमी बोर लावा, गोला जातीचं. दोन वर्षं जपलं की पुढे ते तुमच्याकडे काही मागत नाही. जोधपूरला केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्था आहे, १९५९ पासूनची, तिथून रोपं आणि सल्ला दोन्ही घ्या. टोमॅटो नोव्हेंबर ते एप्रिल, त्यापुढे हट्ट नको. मेमध्ये फुलं गळतात, फळ धरत नाही. पण म्हशीला ठिबक लावता येत नाही. दूध हवंय ना? थारपारकर किंवा राठी गाय घ्या. आमची थारपारकर दोन वेळचं मिळून आठ लिटर देते, खारं पिते, ४८ अंशांत खेजडीखाली डोळे मिटून रवंथ करते. फॅट कमी, मान्य. मग तूप करून विका.

डाळिंबाचं कुणीतरी सांगेलच. बाडमेरकडे आपला भगवा वाण भरपूर लावलाय, खरं आहे. पण ते बोअरवेल आणि ठिबकवर, आणि तो धंदा आहे, शेतघर नव्हे.

खर्चाचं विचारलंत. आकडा देत नाही, कारण तुमच्या जमिनीखाली पाणी किती खोल, किती खारं, यावर सगळं आहे, आणि ते बघितल्याशिवाय जो आकडा सांगेल त्याला जमीन विकायची असते. एवढं सांगते की आमची ढाणी शेतीवर चालत नाही, नवऱ्याच्या फलोदीतल्या बी-बियाण्यांच्या दुकानावर चालते. शेळ्या अडीनडीला विकतात, ती आमची बँक. पहिली दोन वर्षं शेतातून काहीही येणार नाही असं धरूनच या.

जमीन घेताना अजून एक. अनुसूचित जाती-जमातीच्या खातेदाराची शेतजमीन राजस्थानात इतरांना विकत घेता येत नाही. स्वस्तात दाखवतात त्यात अशी प्रकरणं असतात, पुढे व्यवहार रद्द होतो. तहसिलातून खातं तपासा.

आणि मुलं. तुम्ही कुटुंब लिहिलंय, पण मुलांचं वय लिहिलं नाही. शाळा लांब आहे. इथे फुरसं आहे, तेच आपल्या कोकणातलं, वाळूत अंग पुरून बसतं. विंचू तर अंथरुण झटकल्याशिवाय झोपायचंच नाही इतके. माझ्या मुलाला चौथ्या वर्षी विंचू चावला, रात्री साडेदहाला, नवरा जोधपूरला होता. मोटारसायकलवर पुढे त्याला छातीशी बांधून घेऊन तीस किलोमीटर वाळूच्या रस्त्यानं दवाखान्यात नेणारे मोठे दीरच. सकाळी परत आले तेव्हा त्यांच्या पगडीत पोरगं गुंडाळलेलं होतं. तेव्हा ते वाईट माणूस नाहीत, हे इथे लिहून ठेवते. फक्त म्हशीच्या बाबतीत खोटं बोलले.

आणखी एक कबुली, नाहीतर कुणीतरी हिशोबात चूक काढेल. त्या एप्रिलमध्ये नणंदेच्या सासरचे बारा पाहुणे तीन दिवस होते, ते ३६० लिटर मी धरले नाहीत. आणि मी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यानं केस धुवायची, गुपचूप, एक बादली. खाऱ्या पाण्यानं केसांचा काथ्या होतो, आणि मी पंचवीस वर्षांची होते. ते १०५ लिटर. दोन्ही वजा करा. तरीही रोजचे ९३ लिटर उरतात, आणि ९३ लिटर टोमॅटो पीत नाहीत.

दिरांची ती धाकटी आता कॉलेजात आहे. लहानपणापासून माझ्या मागेमागे राहून मराठी वाचायला शिकली. हे उत्तर तिला पाठवणार आहे. बाबांना वाचून दाखवायचं की नाही ते तिनं ठरवावं.

आज एकादशी होती, सकाळी दोरी टाकली. साडेतीन गाठी. या वर्षी टोमॅटो वीस आहेत.